धारा

ऑल्डरशॉटच्या हाय स्ट्रीटवर, बंद पडलेल्या बँकेशेजारी
औषधांच्या दुकानात मी आठवड्यातले पाच दिवस
पांढऱ्या पिशव्यांना स्टेपल मारते.

धनमाया गुरुङ, कागदावर एक्याऐंशी.
खरं वय तिच्या आईला ठाऊक होतं म्हणते.
रक्तदाबाची गोळी, गुडघ्यांचं मलम
आणि डोळ्यांचे थेंब, जे ती कधीच घालत नाही.
डबीवरचं इंग्रजी तिला लागत नाही
म्हणून खाली मी हाताने लिहिते.
नवऱ्याची पलटणीतून आलेली पत्रं लावायला
ती शिकली होती हीच अक्षरं.
पहिल्यांदा लिहिलं, 'सकाळी एक'.
स, का, इथवर ती नीट आली,
मग ळ वर बोट ठेवून विचारलं,
हा कोण?
तेव्हापासून, 'बिहान एक'.

मार्चमध्ये मी रजा काढली.
झोप उडाली होती. कारण असं काही नव्हतं,
आणि कारण नसलं की लोक डोंगर सुचवतात.
गेले. तिच्याच जिल्ह्यातलं एक गाव,
दगडी भिंती, पाटीच्या दगडाची छपरं,
फोन कुलपात, बोलणं बंद,
जेवायला नाचणीचा ढिंडो, आपल्या उकडीचा आडदांड भाऊ.
डोळे मिटून एक आवाज धरा, म्हणाले.
मी अंगणाखालच्या नळाचा धरला.
टप्.
मग इतका वेळ काहीच नाही
की वाटायचं आपणच थांबलोय.
टप्.
पाचव्या रात्री झोप लागली,
लहानपणी लागायची तशी, तोंड उघडं टाकून.

ती शांतता मी घेऊन आले,
हीथ्रोवर कुणाला न दाखवता.

मंगळवारी धनमाया आली.
मागे रांगेत एक माणूस खोकत होता, तरी मी फोन काढला.
वाटलं होतं, शिखर बघून हिचे डोळे भरतील.
शिखर तिने अंगठ्याने बाजूला सारलं.
दोन बोटांनी एक भिंत मोठी केली.
लाकडं ओली रचलीत, म्हणाली.
मग एक दार, त्याला कुलूप.
हे माझ्या नणंदेचं सासर.
आणखी एक दार. कुलूप.
हा फार्नबरोला, मुलीकडे.
कुलूप. हे दोघे रेडिंगला, तो पडून असतो.
कुलूप. कतार.
कुलूप. हिचं पुढे काय झालं, कळलं नाही.
मोजताना तिचा आवाज चढला नाही की उतरला नाही,
भाजी निवडावी तशी ती दारं निवडत होती.
मी काउंटरच्या अलीकडे उभी.
गावात इतकं निवांत कसं, हे मी तिथे
एकदाही विचारलं नव्हतं.
अर्थात, बोलायला बंदी होती.

शेवटच्या फोटोत नळ.
धारा, ती म्हणाली.
आपल्याकडे धार गाईची, पावसाची, सुरीची.
तिच्या भाषेत धारा म्हणजे हाच, गावचा नळ.
गळतोय?
हो ना, मी जरा उत्साहानेच सांगितलं,
रात्रंदिवस, त्याच्यावरच तर मी मन...
अकरा दिवस ऐकत बसलीस?
हो.
आणि बंद नाही केलास?

थंडीत सोडून ठेवतात, तिने समजावलं,
पाइप फुटू नये म्हणून.
चैत लागला की कुणीतरी जाऊन आवळायचा असतो.

पिशवी घेतली, काठी घेतली,
दारापर्यंत गेली, दाराची घंटी वाजली,
आणि तिथूनच हात उंचावून,
सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाली,
वायसर चामड्याचा घाल. रबराचा टिकत नाही तिथे.

रांगेतला माणूस पुढे सरकला.
खोकला सुका आहे की ओला, मी विचारलं.
त्याने सांगितलं.
मी परत विचारलं.