वाघबिळाच्या पुढं

पहाटे साडेचारला आधी गुडघा उठतो,
मग मी.
जिना उतरताना कुरकुरतो,
तेल न मिळालेल्या टेलस्टॉकसारखा.
उद्यमनगरात अडतीस वर्षं लेथवर काढली,
शाफ्टची झीज बोटानं सांगायचो,
दोन थाऊ, तीन थाऊ,
मायक्रोमीटर नुसता साहेबाच्या समाधानाला.
आता डॉक्टर फिल्म उजेडापुढं धरतात,
म्हणतात, काका, गॅप कमी झालाय.
गॅप चुकला की आमच्याकडं जॉब रिजेक्ट.
त्यांच्याकडं गोळ्या,
आणि "जरा जपून".

शिवाजी पुलावर मुजावर थांबलेला असायचा.
असायचा.
गेल्या थंडीत त्याच्या छातीत दोन स्प्रिंगा बसवल्या.
आता तो मोपेडवरनं वाघबिळापर्यंत येतो,
थर्मास घेऊन,
आणि मागनं ओरडतो, "मान सरळ ठेव की!"
जणू मानच काय ती वाकडी आहे.

कारखान्याची जुनी जॉबकार्डं शिवून
केलेली एक वही आहे माझ्याकडं.
वाघबीळ ते पन्हाळ्याचा नाका.
एक्क्याण्णवचा फेब्रुवारी : सत्तावीस मिनिटं.
थोरलीच्या लग्नाचं साल : पस्तीस.
करोनानंतर : चव्वेचाळीस.
आकडे चढत गेले, माझ्यापेक्षा सुखानं.
पण शेऱ्याच्या रकान्यात
दर रविवारी तेच दोन शब्द :
उतरलो नाही.

आज, भिंत ढासळून नवी बांधलीय त्या वळणावर
पेडल वर आलं
आणि खाली गेलंच नाही.
रस्त्यावर पाय टेकला.
अडुसष्ट वर्षांचा पाय, पांढरा मोजा,
डांबर अजून गार.
खाली मुजावरची मोपेड खेळण्याएवढी.
त्याला दिसलं नसावं.

मागनं घंटी वाजली.
अकरावी-बारावीतली पोरगी,
वेणी हेल्मेटातनं बाहेर आलेली.
"काका, पंक्चर?"
"व्हय," म्हणालो.
कसं सुटलं तोंडातनं, कुणास ठाऊक.

ती उतरली की खाली!
सॅकमधनं पंप काढला, सोल्यूशन काढलं,
अंगठ्यानं माझा मागचा टायर दाबला.
दगड.
पुढचा दाबला.
तोही दगड.
मी दरीत बघत होतो, फार महत्त्वाचं काही असल्यासारखा.
तिनं पंप परत ठेवला, चेन ओढली,
आणि म्हणाली,
"माझं पण हितंच होतंय पंक्चर. दर वेळी."

मग मी तिच्या मागच्या चाकाकडं पाहिलं.
ताटलीएवढं दातेरी.
"किती दाते?"
"चौतीस."
माझ्याला तेवीस.
तोंडात मोजले तर त्याहून दोन कमी.
मोठं चाक आळशांचं, असं मी लोकांना सांगत आलो,
मी, ज्यानं आख्खी नोकरी
दुसऱ्यांच्या मशिनींचे गिअर बदलण्यात घालवली.

ती गेली. पाय भराभर फिरत होते,
सायकल मात्र निवांत.
मी पुढच्या वळणापर्यंत चालत गेलो.
तिथं कपारीतनं पाणी झिरपतं,
त्याखाली कुणी तरी स्टीलचा गडू ठेवलाय.
तीस वर्षांत दिसला नव्हता.
दोन घोट प्यालो, गडू पालथा घातला, परत टांग मारली.

नाक्यावर घड्याळ बघायचं राहून गेलं.

उतारावर ब्रेक धरून बोटं आखडली.
गंगावेशीत धारोष्ण दुधाचा पेला
दोन्ही हातांनी धरावा लागला,
दूधवाला म्हणाला, "काय मामा, थंडी?"
या वेळी काहीच बोललो नाही.

घरी वही उघडली.
शेऱ्यात लिहिलं : पंक्चर.
बघत बसलो.
खोडलं.
लिहिलं : उतरलो. एकदा.
आणि खाली, दुकानाच्या यादीसारखं, बारीक अक्षरात :
चौतीस दाती चाक. भाव विचारणे.
मुजावरला पण सांगणे.