उसनं

अकरा वाचनालयं, एक वही,
आणि ती वही माझ्या पिशवीत.
महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी साखळीहून निघते
कदंबच्या बसनं, मांडीवर खोका घेऊन.
कंडक्टर विचारतो, "बाय, खोक्याचं तिकीट?"
मी म्हणते, आत बारा जणं बसलीयत,
पण सगळी तोंड मिटून.
तो हसतो. तरी अर्धं फाडतोच.

नियम फोंड्याच्या बैठकीत ठरले,
चहा गार होईस्तोवर भांडून:
ज्याचं पुस्तक त्याचा शिक्का,
दुसऱ्याच्या शिक्क्यावर आपला उमटवायचा नाही.
मुदत एकवीस दिवस. पावसाळ्यात तीस,
कारण फेरीबोटीचा भरवसा नाही
आणि भिजलेली पानं पंख्याखाली सावकाश सुटतात.

मग यादी करायला बसले.
कुणा केणींचं, माडाच्या रोगांवरचं पुस्तक
पेडण्यात देवनागरीत, दिवाडीला रोमीत,
मडगावात पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगनं.
दोन वर्षं मी त्यांना तीन माणसं समजत होते.
एकदा तिन्ही प्रती योगायोगानं एकाच खोक्यात आल्या:
प्रत्येकीत, शेवटाकडे, तोच गेंड्या भुंगा,
त्याचा डावा पाय तसाच अर्धवट छापलेला.
दोन कार्डं फाडली. तिसऱ्यावर तिन्ही नावं लिहिली.
इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

आठव्या वर्षी मडगावचे दुर्गाराम सरदेसाय
बैठकीत उभे राहिले, हातात माझाच तक्ता.
"आम्ही दिली चारशे बारा. घेतली एकोणीस.
नेत्रावळीनं घेतली सत्त्याण्णव.
दिली," आणि चष्मा पुसून, "शून्य."
माणूस वाईट नव्हे. त्यांच्या छपराला गळती होती,
दुरुस्तीला कुणी पैसे देत नव्हतं,
आणि आकडे बरोबर होते. मीच काढलेले.

आमच्या घरी शेजारीण विरजण न्यायची.
आई कधी म्हणाली नाही, तेच दही परत आण.
हे मला तेव्हा बोलायचं होतं. बोलले नाही.
दही फुकटात लागतं, छपराला पत्रे लागतात.

नेत्रावळीची सुलक्षा वेळीप दोन बस बदलून आली होती.
शेवटच्या खुर्चीवरून, बसल्याबसल्याच म्हणाली,
"आमच्याकडे कोणी मागितलंच नाही."
एवढंच.

मी वही उघडली. पुढून, मागून.
दहा वाचनालयांच्या याद्या होत्या.
अकराव्याचं नाव होतं, खाली रेघा होत्या,
रेघांवर काही नव्हतं.
रस्ता लांबचा, म्हणून पुढच्या महिन्यावर ढकललेलं,
असे किती पुढचे महिने.
शून्य तिचं नव्हतं.

गेले मग. एक कपाट, एक दिवा,
खिडकीत वाळत घातलेली कोकमाची सालं.
चौसष्ट पुस्तकं. अकरा वाळवीनं नेलेली.
त्रेपन्न लिहून घेतली, ती नावं सांगत गेली, मी अंक टाकत.
दिवाडीचे आवेलिनो मास्कारेन्हस चार वर्षं
एका प्रवासवर्णनाचा दुसरा भाग शोधतायत;
वाटलं, इथे असेल.
नव्हता. पहिलाच होता, तोही मुखपृष्ठाविना.
तिनं मला फणसाचे गरे दिले,
त्यांना वहीत रकाना नाही.

यादी अकराही ठिकाणी पाठवली.
सरदेसायांनी पोच दिली, दोन ओळींत, सहीसकट.
तीन आठवडे काही नाही.
मग आवेलिनोंची चिठ्ठी: क्रमांक एकोणतीस,
मधमाश्यांच्या पेट्या कशा बांधाव्यात.

आता मी रायबंदरच्या धक्क्यावर.
फेरी पलीकडे थांबलीय, कुणीतरी इंजिनाशी बोलतंय.
नेत्रावळीपुढचं शून्य खोडून एक लिहिलाय,
पेन्सिलनं; पुस्तक पोचलं की शाईनं.
खोका मांडीवर.
आज आत एकटंच बसलंय.
तिकीट मात्र पूर्ण घेतलं मी त्याचं.