तोच पत्ता

गिरणी थांबली की कानात एक बारीक शीळ उरते.
काट्यावर धानाचा एक ट्रॅक्टर, मागे आणखी दोन,
आणि हिरामण नाकतोडे खिडकीत तोंड घालून विचारतो,
"काहून जी मॅडम, येऊन राह्यलं का नेट?"

येतं. जातं.
पूर्ण गेलं असतं तर बरं होतं.

संगणकाच्या पोटात दुसरा संगणक,
लिनक्सचा, काळ्या पाटीसारखा.
वजन तिथंच उतरतं, पावती तिथूनच निघते.
होमराज लांजेवार बुटीबोरीला नोकरीवर गेला तेव्हा
त्यानं ही नक्कल पेनड्राइव्हवर घालून दिली,
"सगळं लावून ठेवलं ताई, तुम्ही फक्त सुरू करा."

आधी त्याला स्वतःलाच हाक मारायला लावली:
एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक.
लगेच ओ दिली.
म्हणजे शुद्धीवर आहे.
मग राऊटरला:
एक उत्तर, दुसरं उत्तर, तिसरं गडप,
पुढची सात गडप,
आणि अकरावं असं आलं, जसं काही झालंच नाही.

केबल काढली, फुंकली, लावली.
राऊटरवरचा कोंडा ओढणीनं पुसला.
नावांचे आकडे सांगणारा सर्व्हर बदलून पाहिला.
त्या बिचाऱ्याचा दोष नव्हता.

वैतागून आतलं यंत्र बंद केलं. पूर्ण.
आणि बाहेरून, नुसत्या सवयीनं,
त्याच पत्त्यावर हाक मारली.

चौसष्ट बाइट.
चौसष्ट बाइट.
चौसष्ट बाइट.
एकही गडप नाही.

मी कुलूप लावलेलं घर
आतून ओ देत होतं.

"काटा आला का जी?" हिरामण.
आला होता. अंगावर.

आमच्या नवरगावात दोन इंदूबाई गहाणे.
एक माझी मावशी, एक तळ्याकाठची.
पोस्टमन दादाजी लोनबले
ज्या ओसरीत आधी पाणी मिळेल तिथं पत्र टाकायचे.
मावशीनं परक्या लेकाची पत्रं तीन वर्षं वाचली,
दोनदा रडली,
मग सगळी पदराखाली झाकून नेऊन दिली.

बारदान्याच्या खोलीत, थप्पीमागे,
होमराजचं जुनं डबडं. दिवा हिरवा.
आठ महिने कुणी बंदच केलं नव्हतं.
त्याच्याही पोटात तेच यंत्र,
आठ-शून्य-शून्य-सत्तावीसपासून
शेवटच्या अक्षरापर्यंत तोच आकडा.
नक्कल करताना अंगावरचा तीळसुद्धा उतरला होता.

पडद्यावरची धूळ पुसली.
दर दहा मिनिटांनी ते काट्याला वजन विचारत होतं
आणि लिहून ठेवत होतं:
रात्रीचे दोन, शून्य किलो.
दोन दहा, शून्य किलो.
दोन वीस, वीस किलो. कुत्रं झोपलं असेल.
दोन तीस, वीस किलो.

बटणावर बोट ठेवलं.
उचललं.

परत येऊन माझ्याच यंत्राचा आकडा बदलला.
तिथं एक गोल फिरणारा बाण असतो, नवा मागायचा.
जो आला तो कुणाचाच नव्हता.
कागदावर उतरवून घेतला, उगाच.

पावती निघाली.
हिरामणनं ती उजेडात धरली,
बराच वेळ.
"नाव बरोबर आहे ना जी?
आमच्या गावात अजून एक हिरामण नाकतोडे आहे."