गुण

सकाळी सात सव्वीसला तो वाळूच्या पट्टीवर उभा असतो,
आर्विड, इयत्ता तिसरी, दप्तर पोटाशी धरून.
डलूथचं हे टोक असं, की शाळेत जायचं
तर उचलता पूल ओलांडायलाच हवा.
आणि पुलाचा तळ म्हणजे लोखंडी जाळी.
टायर चढले की गुणगुणते,
फटींतून काळं पाणी दिसतं.

ऑक्टोबरात तो म्हणाला,
व्हर्नर, पूल मोजतोय.
काय मोजतोय, मी विचारलं.
मला, म्हणाला.

मग तीन आठवडे तो बसमध्ये चढलाच नाही.
लोर्ना, त्याची आई, झोपायच्या कपड्यांवर कोट चढवून
दारापाशी यायची, नुसती मान हलवायची.
पोटात दुखतं म्हणे. तपासण्या झाल्या,
पोटात काही निघालं नाही.
पोटात पूल होता.

बाकीचं मला कळलं ते ड्रायव्हरला कळतं तसं,
आरशातून, अर्धंमुर्धं.
डॉक्टरीणबाईंनी दोन वाटा सांगितल्या:
गोळी, रोज सकाळी अर्धी, सफरचंदाच्या गरात कालवून;
किंवा बर्निस नावाच्या बाई, दर गुरुवारी पन्नास मिनिटं,
नुसतं बोलायचं.
दोन्ही मिळून केलं तर उत्तमच, असंही म्हणाल्या.
पण गोळी त्याच संध्याकाळी मिळत होती
आणि बर्निसबाईंची तारीख फेब्रुवारीतली.

लोर्ना म्हणाली, अजून दुधाचे दात पडतायत त्याचे,
एवढ्यात गोळी?
रेनो खनिजाच्या जहाजावर, फोन तुटत तुटत लागायचा.
तो म्हणाला, बोलून कधी लोखंड वाकलंय?

गोळी सुरू झाली.
पहिले काही दिवस पोर रात्र रात्र टक्क जागं,
लोर्नाच्या डोळ्यांखाली शाई सांडल्यासारखी.
डिसेंबरात चढला.
डोळे गच्च मिटून, ओठ पांढरे, पण चढला.

मग फेब्रुवारी. बर्निसबाईंनी त्याच्याकडून शिडी काढून घेतली,
दहा पायऱ्यांची, मेणखडूनं.
पहिल्या पायरीवर पुलाचा फोटो, फ्रिजवर चिकटवायचा.
चौथीवर फोनमध्ये भरून आणलेली ती गुणगुण.
सातवीवर आईबरोबर पायी, निम्म्यापर्यंत, आणि परत.
आठवीवर मी.

मला चिठ्ठी आली:
मंगळवारी पुलाआधी एक मिनिट थांबाल का?
त्याचा हात धरू नका.
"काही होत नाही" म्हणू नका.
तीस वर्षं मी पोरांना दुसरं काही म्हटलेलं नाही.
त्या मंगळवारी जीभ दाताखाली धरून बसलो.

मे महिन्यात पुलानं आम्हाला अडवलं.
फाटक पडलं, अख्खा रस्ता वर गेला,
जहाज आलं, गल्लीएवढं लांब, संथ.
भोंगा दिला: एक लांब, दोन आखूड.
पुलानं तसंच उत्तर दिलं.
आर्विड गुडघ्यांवर हात ठेवून मोठ्यानं म्हणाला, आठ.
मागची पोरं हसली.
सात, तो म्हणाला.
बराच वेळ सातच.
मग पाच.
रस्ता खाली आला, मी गिअर टाकला,
जाळी गुणगुणली,
आणि आरशात मला दिसलं,
तो खाली पाण्याकडे बघत होता.

लोर्ना सांगते, बर्निसबाईंचा गुण.
रेनो सांगतो, गोळीचा.
आजी सांगते, वयाचा.
मला कुणी विचारलं नाही.

ज्या वर्षी माझी बायको गेली,
मीही मोज्यांच्या खणात एक बाटली ठेवायचो.
अकरा महिने घेतल्या. कुणाला सांगितलं नाही.
खोटं कशाला बोलू, गोळ्यांनी मला उचलून
पुलापर्यंत आणून सोडलं.
पलीकडे कुणाशी काय बोलायचं,
ते मात्र बाटलीवर लिहिलेलं नव्हतं.

जूनमध्ये शाळेचा शेवटचा दिवस.
उतरताना तो पायरीवर थांबला, दप्तर पाठीवर.
आज तीन, म्हणाला.
तुझे किती?

मागे गाड्या खोळंबल्या होत्या.
मी उगाच आरसा पुसला.
सहा, म्हटलं.
त्यानं मान डोलावली, मोठ्या माणसासारखी,
आणि "काही होत नाही" म्हणाला नाही.