निधान

डाव्या खांद्याखाली, कातडीआड
एक चपटी डबी.
रुद्रव्वालाही तिथंच आहे.
म्हणून वडगावात आमच्या गल्लीनं
दोघांना एकच नाव ठेवलं: मशीनवाले.

एकच नाही हो ते.

तिचं आधी झालं. नळावर घागर भरता भरता
डोळ्यांपुढं अंधार;
घागर एकीकडं, ती एकीकडं.
नेहरूनगरच्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले,
'भाळ निधान अदं.'
माझ्या यमुनेनं निम्मंच ऐकलं
आणि दारातच गळा काढला.
निधन नव्हे, अक्का, निधान! रुद्रव्वाचा लेक ओरडला,
हळू चालतंय, एवढंच.

एक काना गळाला
की माणूस कानडीतून थेट
मराठीतल्या तिरडीवर.

तर तिच्या डबीचं काम हळू चालणाऱ्याला हाकायचं.
ठोका राहिला की बारीक टिचकी,
पुन्हा राहिला, पुन्हा टिचकी.
भाजी निवडत असते ती, तिला पत्ताही नसतो.

माझं दुखणं उलटं.
माझं थांबत नव्हतं, सुटत होतं.
चाळीस वर्षं माग चालवला मी,
पट्टा सुटल्यावर काय होतं ते सांगायला डॉक्टर नको:
मोटर पळते, धोटा जागीच थरथरतो,
खडखडाट गल्लीभर
आणि साडी एक बोटही पुढं सरकत नाही.
तसंच रक्त.

माझी डबी रोज बोलत नाही.
बसते आणि मोजते.
मी हळू पडलो तर तीही टिचकी मारते, तेवढं येतं तिला.
सुटलो, तर आधी भरभर टिचक्या,
समजूत घातल्यासारख्या.
नाहीच ऐकलं
तर लाथ.

एकदाच बसली.
अनगोळच्या रेल्वे फाटकाशी, गर्दीत,
म्हणून यमुनेनं हात धरलेला,
लग्नानंतर रस्त्यात पहिल्यांदाच.
दिवे विझत आल्यासारखे झाले
आणि घोड्यानं छातीत आतून लाथ घातली.
कुणाच्या तरी सायकलीवर पडलो मी, केळ्यांसकट.
उठून बसलो तर ती स्वतःची बोटं बघत होती.
'मुंग्या आल्या,' म्हणाली, 'तुमच्याकडनं.'
हात तिनं सोडला नव्हता.

आता कॅलेंडरशेजारी भिंतीवर तिच्या अक्षरात:
एक बसली आणि बरं वाटलं, तर फोन.
दोन बसल्या, तर रिक्षा, विचारायचं नाही.
मोबाइल उजव्या खिशात.
भाच्याच्या वेल्डिंगच्या दुकानात मी
उंबऱ्याबाहेरून हाक मारतो.
खिशात एक कार्ड असतं, सगळं इंग्रजीत.
पाट्यांवरून या गावात काय काय झालं,
कार्डावरून कुणी भांडलं नाही.

डबी तपासायला येणाऱ्या पोराला मी एकदा विचारलं,
यमुना औषधं आणायला गेली होती तेव्हा:
शेवटच्या दिवशी ही मला जाऊ देईल का?
की लाथाच घालत बसेल?
त्यानं यंत्र खाली ठेवलं.
'सांगा त्या वेळी, काका. लाथ तेवढी बंद करता येते,
कापावं लागत नाही.
आणि मावशींच्या टिचकीला
थकलेलं हृदय आपणच ओ देईनासं होतं.'
एवढा लहान पोरगा. घाम आला होता त्याला.

हे मी यमुनेला सांगितलेलं नाही.
ती म्हणते, पोथीत निधान म्हणजे पुरलेलं धन,
आणि बिलाचा आकडा आठवून हसते.

संध्याकाळी लाइट जाते.
गल्लीतले सगळे माग एकदम गप्प.
पायरीवर आम्ही दोघं मशीनवाले,
तिची हाकतेय, माझी मोजतेय,
ऐकू काहीच येत नाही.
मी उठतो तेव्हा अंधारात पायरी चुकते.
'निधान,' रुद्रव्वा म्हणते.

काना स्पष्ट ऐकू येतो मला आता.