एक पेला कमी

माझं काम शेवटी येणं.
छातीवर नंबर नाही, पाठीवर पोतं,
एकवीस किलोमीटर सगळ्यांच्या मागून,
पडलंय ते उचलत.
तीस वर्षं पीटी मास्तर होतो, पोरांना पुढं पळवलं,
आता हे.

गेल्या साली किल्ला तलावापासून हिंडलग्यापर्यंत
डांबर दिसतच नव्हतं.
बाटल्या. एका घोटाच्या, अर्ध्या,
काहींची तर सीलसुद्धा तुटली नव्हती.
टाचेखाली फटाफट वाजायच्या.
दोन टेम्पो भरून तुरमुरीच्या डेपोला गेल्या.
मागोमाग मीही गेलो, का कोण जाणे.
तिथं निंगव्वा होती, कोपरापर्यंत मोजे चढवलेली.
निम्म ओट मुगीतु, म्हणाली, नम्दु ईग शुरू.
तुमची धाव संपली, आमची आता.

मग बैठका. बटाटेवडे. ठराव.
कागदी कप आणूया, तर त्याला आतून प्लास्टिकच.
शेवटी मला धाडलं खानापूरला, सोमाण्णा कुंभाराकडं:
आठ हजार कुल्हडं, अर्धे पैसे आगाऊ.
त्यानं चाकावरचा हात काढला नाही.
भाजली की माती परत माती होत नाही, सर.
खापरी होते, नातवाच्या नातवाला टोचते.
घोटभर पाण्यापायी किती लाकूड जाळायचं?
आलेला धंदा परत पाठवणारा माणूस
मी जन्मात पहिल्यांदा बघितला.
चहा मात्र पाजला. स्टीलच्या पेल्यातनं.
पेल्यावर टिंबाटिंबानं कोरलेलं:
चि. सौ. कां. रुक्मव्वा हिस, मामाकडून.

परतीच्या बसमध्ये मी तेच वाचत होतो, पेला हातात नसताना.

शहापूर, वडगाव, अनगोळ, कंग्राळी.
दारोदार फिरलो, वही घेऊन.
एका सकाळीपुरते पेले द्या, परत आणून देतो.
दिले लोकांनी. फळीवरचे, माळ्यावरचे,
आंदणातले, बारशातले,
कै. बाळाप्पा यांच्या स्मरणार्थ,
यल्लूरच्या कुस्तीचं तिसरं बक्षीस.
कुठं मराठी अक्षरं, कुठं कन्नड,
एकावर दोन्ही, आणि दोन्हींत चूक.
मोजले: एकोणीसशे चौदा.
चंपाक्कानं एकच दिला. त्यावर नुसतं 'आई'.
कुणाची, ते मी विचारलं नाही.

शर्यतीत कुरकुर झालीच.
पुण्याचा एक जण घड्याळ दाखवून म्हणाला,
थांबून प्यायचं म्हणजे अकरा सेकंद गेले माझे.
मी म्हटलं, पाणी राकसकोपहून आलंय,
त्याला किती लागले ते विचार.
विनोद फसला. तो पळाला.
पण थांबत होते लोक. ओठ लावायच्या आधी
उगाच नजर खाली जायची, नावावर.

माझं पोतं अर्धंसुद्धा भरलं नाही.
जेलची पाकिटं, सेफ्टी पिना, एक मोजा.
केळीच्या साली गाईंनीच वाटेत संपवल्या.

संध्याकाळी निंगव्वाला फोन केला, जरा मिरवायलाच.
ती गप्प. मग म्हणाली,
बाटलीला किलोमागं बारा रुपये मिळायचे, मास्तर.
यंदा काय मिळालं?
माझ्याकडं उत्तर नव्हतं.
पुढल्या साली धुण्याच्या टेबलावर तिचं नाव लावलंय,
मजुरी आधी ठरवून. ठरावात घ्या म्हणून भांडलो.
अजून घेतलेलं नाही.

आणि रात्री मोजदाद.
एकोणीसशे तेरा.
परत मोजले. तेरा.
दोन टेम्पो बाटल्या कुणी मोजल्या नव्हत्या,
इथं एका पेल्यासाठी अख्खी कमिटी बॅटऱ्या घेऊन
कॅम्पातल्या गटारीत वाकलेली.

मिळाला नाही.
चंपाक्काच्या दारात नवा पेला घेऊन गेलो.
तिनं घेतला, पालथा केला, कोराच होता,
आणि आत नेऊन ठेवला. काही बोलली नाही.

तेव्हापासून एक खोड लागलीय.
कुणाच्याही घरी पाणी पुढं आलं
की मी तहान जरा धरून ठेवतो,
आणि पेला फिरवून
आधी नाव वाचतो.