बाक

केरेन्सा नॅन्किव्हेलनं माझी सर्फिंगची जुनी फळी
लाकडी घोड्यांवर उलटी टाकली,
एक डोळा मिटून तिच्या पोटावरून नजर सोडली,
सुतार चौकट बघतो तशी.
मग म्हणाली, "फळीत खोट नाही.
ही दुसऱ्या कुणाची आहे."

पोर्थटोवनच्या वर, कथलाच्या बंद खाणीच्या
धुराड्यामागे तिची शेड.
फोमचा पांढरा भुसा, रेझिनचा उग्र वास,
आणि ट्यूबलाइट भिंतीवर कमरेच्या उंचीला.
उजेड आडवा पडला की खड्डे आपण होऊन कबूल होतात.

मी ती घेतली होती रंगावर भाळून:
आखूड, टोकदार, तीन परांची.
दोन हिवाळे तिनं मला पाडलं.
"केवढा बाक बघ. केळंच.
उभ्या लाटेच्या कड्यावरून उतरायचं तर नाक असं वर हवं,
नाहीतर ते पाण्यात खुपसतं.
पण इथल्या लाटा लोळणाऱ्या, आळशी.
त्यांच्यावर हा बाक नुसता पाणी ढकलत बसतो.
तू वल्हवतेस, ही ब्रेक लावते."

तिनं मला दाराकडे तोंड करून उभं केलं
आणि पाठीत हलकेच ढकललं.
डावा पाय पुढे पडला. तिनं लिहून घेतलं.
ट्रुरोच्या हॉस्पिटलात मीही दिवसभर हेच बघते,
खुबा बदललेली माणसं कुठला पाय आधी टाकतात.
फक्त ढकलत नाही.
तिनं वजन विचारलं. मी चार किलो कमी सांगितलं.
"फोमला खोटं चालत नाही," म्हणत तिनं चार वाढवले.

नवी फळी नऊ फूट दोन इंच.
जमिनीवर ठेवली तर नाकाखाली
जेमतेम चार बोटं हवा.
काठ झिजलेल्या साबणाच्या वडीसारखे,
पाणी त्यांना बिलगून वर चढतं, धरून ठेवतं.
शेपटीपाशी मात्र तिनं काठाला धार काढली:
"इथे पाण्याला सोडायला शिकवायचं."
पर एकच, लांब, मागे झुकलेला.
"तीन परांवर मनात येताच रोख बदलतो.
एकावर आधी ठरवावं लागतं."

मधल्या लाकडी पट्टीवर पेन्सिलीनं मापं, खाली नाव.
हेमांगीची हेमगी झाली.
मला दिसलं तोवर वरून रेझिन ओतून
त्याची काच झाली होती.

फेब्रुवारी. पाणी नऊ अंश. हुडाच्या आत कान बधिर.
लाट उठली म्हणवत नाही, नुसती जाड झाली,
आणि फळीला ती माझ्याआधी कळली.
तीन हात मारले; चौथा लागलाच नाही.
उभी राहिले, तर कुणी सतरंजी ओढून नेतंय,
माझ्यासकट.
वळायचं ठरवलं. काही झालं नाही.
पुन्हा ठरवलं, खांदे वळवले,
मग फार उशिरा, जहाजाच्या सावकाशीनं
नाक डावीकडे निघालं
आणि मी उजवीकडे, पाण्यात.

वाळूवर केरेन्सा थर्मास घेऊन.
"कुठे सुटली?"
"वळताना. जड आहे ही."
"जड नाही. पुढे उभी राहून सुकाणू मागतेस.
मागचा पाय वीतभर मागे घे."

हातमोज्यातली वीत मी फळीवर मोजली,
मेणावर थर्मासच्या झाकणानं रेघ ओढली,
आणि न प्यायलेला चहा तिच्याच हाती देऊन
परत पाण्याकडे.